मशरूम सेशनच्या आधी नागपूरला एक फोन लाव

अमेरिकेतल्या पोर्टलंडहून एका ताईनं लिहिलंय, नवऱ्याला तीन वर्षांपासून डिप्रेशन आहे, दोन औषधं बदलून झाली, आता ऑफिसमधलं कोणी म्हणतंय की सायलोसायबिनचं, म्हणजे भास घडवणाऱ्या मशरूममधल्या द्रव्याचं, सेशन घे, आपल्या ओरेगन राज्यात कायद्यानं चालतं. तिचा प्रश्न असा की नागपूरला प्रतापनगरात सासूबाईंना हे सांगायचं की लपवायचं?

अगं, सांगायचं की नाही ते मग बघू, आधी त्यांना विचार. घराण्यात कोणाला भास व्हायचे का, कोणी महिनाभर झोपेशिवाय हवेत आणि मग अंथरुणाला खिळून, असं होतं का. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर जवळच्या नात्यात असेल तर संशोधन करणारे डॉक्टरही अशा माणसाला ट्रायलमध्ये घेत नाहीत, आजार उसळायची भीती असते. आणि आपल्याकडे हे आपणहून कोण सांगतं? माझ्या माहेरी, महालातल्या वाड्यात एक काका मागच्या खोलीत असायचे, त्यांचं ताट दाराशी ठेवून यायचं, पाहुण्यांना सांगायचे की त्याला ऊन सोसत नाही. खरं काय ते मला लग्नानंतर वीस वर्षांनी कळलं. व्हिडिओ कॉलवर नको विचारूस, सगळे बसलेले असतात. इकडे सकाळी अकराला स्वयंपाक आटोपून सासूबाई एकट्या असतात, तुझ्याकडे रात्र असते, तेव्हा साधा फोन लाव.

दुसरं, नागपूरहून येताना बॅगेत आणलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या बाहेर काढ. लिथियम (बायपोलरवर देतात ते औषध) असेल तर सायलोसायबिनसोबत फिट येऊ शकते, ओरेगनमध्ये मागच्या ३० दिवसांत लिथियम घेतलेल्याला सेशन देतच नाहीत. आणि सेशनसाठी म्हणून चालू गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, हे मी हात जोडून सांगते.

तिसरं कोणी सांगणार नाही म्हणून सांगते. तुम्ही एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहात. राज्यात परवानगी असली तरी अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्यात सायलोसायबिन अजून बंदीच्याच यादीत आहे, आणि ते घेतल्याची कबुली व्हिसा किंवा ग्रीन कार्डला आडवी येऊ शकते. आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

उपयोग होतो का? होतो, काहींना. २०२२ मध्ये छापून आलेल्या २३३ जणांच्या ट्रायलमध्ये २५ मिलिग्रॅमच्या एका डोसनं तीन आठवड्यांत ३७ टक्के लोकांना चांगला फरक पडला, पण बारा आठवडे टिकला तो २० टक्क्यांनाच. त्यात ओरेगनच्या सेंटरवर सोबत बसणारा फॅसिलिटेटर असतो, तो डॉक्टर असेलच असं नाही, तो तुमच्या डिप्रेशनवर ट्रीटमेंट करत नाही.

मी तुझ्या जागी असते तर सायकियाट्रिस्टला आधी एस्केटामिनच्या नाकातल्या स्प्रेबद्दल विचारलं असतं. दोन औषधं लागू न पडलेल्यांसाठीच त्याला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली, घेतल्यावर क्लिनिकमध्ये दोन तास बसवतात, त्या दिवशी गाडी चालवायची नाही. यात व्हिसाची भानगड नाही.

आणि तो मरणाचं बोलत असेल तर यातलं काहीच थांबून बघू नकोस, आत्ता ९८८ लाव, अमेरिकेतली अशा वेळची हेल्पलाइन आहे ती.

सासूबाईंना 'नशा' ऐकून धक्का बसेल, म्हणून सुरुवात तिथून करूच नकोस. तो तीन वर्षं कसा आहे, सकाळी उठवत नाही, डबा तसाच परत येतो, हे सांग. आई आहे, तिला यातलं बरंच आवाजावरून आधीच कळलेलं असेल.