फालतू कंपनीच्या स्लॅबमधली नाणी चांगल्या कंपनीकडून परत ग्रेड करून घ्यावीत का?

म्हणजे तुमचा प्रश्न असा की एका लॉटमध्ये सहा मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर मिळालेत, तीन १८८१-एस, दोन १९२१ चे आणि एक १८८९-सीसी (एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ, सीसी म्हणजे कार्सन सिटीची), सगळे कुणी नाव न ऐकलेल्या कंपनीच्या स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेड छापलेल्या प्लास्टिकच्या बंद डबीत, सगळ्यांवर एमएस-६६ नाहीतर ६७ छापलेलं (एमएस म्हणजे मिंट स्टेट, न वापरलेलं नाणं), आणि आता ते पीसीजीएस किंवा एनजीसी या नावाजलेल्या ग्रेडिंग कंपन्यांकडून रिहोल्डर करून घेणं परवडेल का. माझ्या मते पाचांचं नाही परवडणार, सहाव्याची गोष्ट वेगळी आहे, त्यावर शेवटी येतो.

आधी एक घोळ मिटवू. रिहोल्डर म्हणजे कंपनीने स्वतःचाच जुना, ओरखडे पडलेला स्लॅब बदलून द्यायचा, ग्रेड तोच ठेवून. दुसऱ्याचा स्लॅब कोणी रिहोल्डर करत नाही. तुम्हाला जे हवंय ते क्रॉसओव्हर, म्हणजे दुसऱ्याच्या स्लॅबमधलं नाणं तपासून आपल्या स्लॅबमध्ये घालणं, नाहीतर सरळ स्लॅब फोडून नाणं रॉ, म्हणजे नुसतं, पाठवायचं. क्रॉसओव्हरच्या फॉर्मवर मिनिमम ग्रेड भरायचा असतो, तुम्ही ६५ भरलात आणि ग्रेडरला ६४ वाटलं की नाणं जुन्याच स्लॅबमध्ये जसंच्या तसं परत, फी गेली ती गेली. शिवाय ग्रेडर दुसऱ्याच्या प्लास्टिकमधून बघत असतो, तेव्हा शंका आली की हात आखडताच राहतो.

बहुतेक जण इथे एक वजाबाकी करतात, की लेबलवर ६७ आहे ना, मग दोन कमी धरले तरी ६५ कुठे जात नाही. ही वजाबाकी चालत नाही हो! अशा कंपनीचा ग्रेड ठरावीक दोन पॉइंटने जास्त असता तर सगळ्यांनी हिशोब करून पैसे कमावले असते. तिच्या ६७ मध्ये एखादं प्रामाणिक ६४ असतं, एखादं थोडं वापरलेलं असतं आणि एखादं घासून पांढरं केलेलं, ज्याला नंबरच मिळत नाही, नुसतं ‘डिटेल्स’ लिहून येतं. विल्यम शेल्डन या नाणेतज्ज्ञाने १९४९ मध्ये लार्ज सेंटसाठी, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी, जी १ ते ७० ची स्केल काढली तीच सगळे वापरतात, आकडा छापायला काय लागतं, प्रिंटर आणि प्लास्टिक चिकटवायचं मशीन असलं की झालं. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी आली तेव्हा त्यांचं चाललं ते आकड्यामागे गॅरंटी होती म्हणून.

माझाच किस्सा सांगतो. असाच एक एमएस-६६ लिहिलेला मॉर्गन घेतला, फोटोत पांढराशुभ्र, नुसता चमकत होता. मिनिमम ६४ भरून क्रॉसओव्हरला पाठवला, परत आला. मग आमचा इगो दुखावला, म्हटलं प्लास्टिकमधून नीट दिसलं नसेल त्यांना, टॉवेलमध्ये गुंडाळून कोपरे पकडीने तोडले आणि रॉ पाठवला. आलं काय, तर क्लीन्ड, डिटेल्स. दोनदा फी, दोनदा पोस्टेज, दोनदा इन्शुरन्स. नंतर रात्री दिव्याखाली धरला तर नाण्यावरच्या लिबर्टीच्या चेहऱ्याच्या गालावर तोंडाकडून कानाकडे बारीक समांतर रेघा, स्टीलच्या ताटाला घासणीने पडतात ना तशा. त्या मला आधीही दिसल्या होत्या, पण मी त्या प्लास्टिकवरच्या समजत होतो. माणसाला जे बघायचं नसतं ते असं दिसत नाही.

तेव्हा पाठवायच्या आधी एवढं करा. खोलीतले बाकी दिवे बंद, एकच दिवा, आणि स्लॅब हळूहळू तिरका करत फिरवा. मूळ लस्टर, म्हणजे टांकसाळीतून आलेली चमक, असेल तर उजेडाची पट्टी चाकाच्या आरीसारखी नाण्यावर फिरते, घासलेलं असेल तर सगळीकडून सारखीच मेलेली चमक. मग पाच-सात पट भिंग लावा, नाण्यावर फोकस केला की प्लास्टिकवरचे ओरखडे धूसर होतात आणि स्लॅब तिरका केला की नाण्यावरून सरकतात, नाण्यावरची रेघ तिथेच राहते. ही एक युक्ती मला तेव्हा माहीत असती तर एक फी तरी वाचली असती.

आता तुमचे पाच. १८८१-एस सव्वा कोटीच्या वर पाडलेत आणि सॅन फ्रान्सिस्कोचे असल्यामुळे छान छान अवस्थेत ढिगाने मिळतात, १९२१ चे तर फिलाडेल्फियातच चार कोटींच्या वर. यात फी, पोस्टेज, इन्शुरन्स धरून जो खर्च होईल त्यात त्याच तारखेचं आधीच चांगल्या स्लॅबमधलं नाणं विकत घेण्याच्या तुम्ही बरेच जवळ पोहोचता. मी स्वतः एक नियम ठेवलाय, तो माझा आहे, कुठे लिहिलेला नाही: नाणं रॉ समजून त्याची जी किंमत धरतो ती एकूण खर्चाच्या तिप्पट नसेल तर पाठवत नाही. आवडत असतील तर फोडा आणि अल्बममध्ये लावा, नाहीतर राहू द्या. फक्त मऊ पीव्हीसीच्या पाकिटात घालू नका, काही वर्षांनी हिरवा चिकट थर येतो.

जाता जाता, हे फक्त फालतू कंपन्यांबद्दल. पीसीजीएसचे सुरुवातीचे, नाणं आत खुळखुळणारे स्लॅब किंवा एनजीसीचा पहिला काळा स्लॅब हाती लागला तर चुकूनही बदलू नका, त्या स्लॅबसाठीच लोक जास्त पैसे देतात.

राहिला १८८९-सीसी, आणि इथे मला तुमच्या ६६ ची काळजीच वाटते. कार्सन सिटीत त्या वर्षी साडेतीन लाखच पाडले, मिंट स्टेटमध्ये फार थोडे उरलेत, खराखुरा ६६ असता तर तो कुणी लॉटमध्ये ढकलला असता का? फिलाडेल्फियाच्या साध्या १८८९ वर सीसी चिकटवून विकायचा धंदा जुना आहे. भिंगातून पाठीमागे पुष्पचक्राखालच्या त्या दोन अक्षरांच्या मुळाशी बघा, शिवण, रंगातला फरक, आजूबाजूला घासल्याची खूण. चुंबक लावा, चांदीचा असेल तर चिकटणार नाही, स्लॅबमधूनही कळतं, पण चिकटवलेल्या सीसीवर चुंबकाचा काही उपयोग नाही कारण मूळ नाणं खरंच असतं. एवढं करून खरा वाटला तर मात्र पाठवाच, घासलेला असला तरी अस्सल सीसी डिटेल्समध्येही चांगला विकला जातो. आणि पाठवताना ६६ चा हट्ट धरू नका, जो ग्रेड येईल तो, डिटेल्स आलं तरी चालेल असं फॉर्मवर भरा.

फक्त तो स्लॅब आत्ता फोडू नका. विक्रेत्याने परत घेण्याची मुदत दिली असेल आणि ती अजून चालू असेल तर फोडलेलं नाणं कुणी परत घेणार नाही. आधी सीसीचा जवळून फोटो टाका, दिवा एका बाजूने धरून, एक डावीकडून आणि एक उजवीकडून, मग बघू.