‘मांसमय बाहू’ म्हणजे पिळदार दंड नव्हे

माणसाच्या बळावर विसंबू नका, असे सांगताना ख्रिस्ती प्रवचनात ऐकलेला बायबलमधील ‘मांसमय बाहू’ हा प्रयोग एका वाचकांना खटकला आहे. बळकट शरीर हा दोष आहे असे त्यातून सुचते का, आणि सरळ ‘बाहुबल’ का म्हणू नये, असे त्यांनी विचारले आहे.

घोटाळा ‘मय’ या प्रत्ययामुळे होतो. पुरात गाव जलमय होते तेव्हा तो विपुलता दाखवतो. मृण्मय मूर्ती म्हणताना मात्र ती कशाची घडली आहे हे सांगतो. पहिल्या अर्थाने वाचले की डोळ्यांपुढे पैलवानाचा दंड उभा राहतो आणि टीका त्या दंडावर आहे असे वाटू लागते. येथे दुसरा अर्थ घ्यायचा आहे: मांसाचा घडलेला, म्हणून थकणारा आणि एक दिवस मातीला मिळणारा बाहू. मूळ हिब्रूतील ‘बासार’ म्हणजे मांस, आणि त्याचा रोख या नश्वरतेवर आहे. मिसरचे (इजिप्तचे) घोडे मांस आहेत, आत्मा नव्हेत, असे बायबलच्या यशया या पुस्तकात (३१:३) म्हटले आहे ते याच अर्थाने. एरवी या शब्दाला निंदेचा वास नाही. यहेज्केल ३६:२६ मध्ये देव पाषाणाचे हृदय काढून मांसमय हृदय देण्याचे वचन देतो आणि तेथे मांस हे वरदान ठरते.

हा प्रयोग बायबलच्या ‘२ इतिहास’ या पुस्तकात (३२:८) यहूदाचा राजा हिज्कीया याच्या तोंडी आहे. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला, तेव्हा हिज्कीयाने यरुशलेम शहराबाहेरचे झरे बुजवले, पडलेला तट बांधून काढला, शस्त्रे आणि ढाली पुष्कळ करवल्या, आणि मग वेशीजवळच्या चौकात लोकांना धीर देत म्हटले की शत्रूपाशी मांसाचा बाहू आहे, आपल्यापाशी परमेश्वर आहे. गीहोन झऱ्याचे पाणी यरुशलेमात आणणारा, त्याच्याच काळातला मानला जाणारा सुमारे ५३३ मीटरचा बोगदा आजही पाहता येतो. ज्या राजाने इतके हात राबवले, तो हातांना तुच्छ कसा लेखील? आधार कोणावर ठेवायचा, एवढाच त्याचा प्रश्न होता.

‘बाहुबल’ म्हटले तर ही नश्वरतेची छटा पार पुसली जाते, कारण मराठीत तो गौरवाचा शब्द आहे. शिवाय ‘उगारलेला बाहू’ बायबलमध्ये देवालाही आहेच. तोलायचे आहे ते कोणाचा बाहू टिकतो हे. प्रवचनात सोपा शब्द हवा असेल तर मी ‘हाडामांसाचा हात’ म्हणेन.