मांड्या सांभाळ

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

"सर, तुमच्यासारखं हिंडतं-फिरतं म्हातारपण यायला काय करायचं?" असं फोनवर विचारलंस. तेव्हा बसमध्ये होतो, धड बोलता आलं नाही. तुझं वय २७, नोकरी बँकेतली, दिवसभर खुर्ची. म्हणून माझं सांगणं एकच: मांड्या सांभाळ.

हसू नको. बहुतेक म्हातारी माणसं आधी पायांनी थकतात. खाली बसलं की उठवेना, मग न्हाणीत जायला, एस.टी.त चढायला दुसऱ्याचा हात लागतो. तोल जाऊन खुब्याचं हाड मोडलं तर अंथरूणच धरायचं. स्नायू तिशी-चाळिशीपासून हळूहळू झिजतात, साठीनंतर जास्तच. हाडांची भरतीही साधारण तिशीपर्यंतच. पुढं आहे तेवढं राखायचं. तुझी ही कमाईची वर्षं आहेत बाबा, पगाराची नव्हे, हाडामासाची.

आपल्याकडं पूर्वी पंगतीला मांडी, चुलीपुढं उकिडवं, विहिरीवरून पाणी. उठबशा आपोआप व्हायच्या. आता लातुरात डायनिंग टेबल, कमोड, आणि कोपऱ्यावर दूध आणायलाही मोटारसायकल. म्हणून जुनं सगळंच सोनं असं मात्र मी म्हणणार नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या कंबरा ऐन उमेदीत जातात. ती मेहनत आहे, व्यायाम नव्हे. आणि मिसरी-तंबाखूनं काय होतं ते तू गावात बघतोसच.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान २ दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितलाय. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही इतपत. चालायला जाणारे पुष्कळ आहेत, दुसऱ्या अर्ध्याकडं कुणी बघत नाही. तू तिथून सुरू कर. बिनहाताच्या लाकडी खुर्चीच्या कडेवर बस, टाचा जमिनीला, हात छातीवर घडी घालून. उठताना सरळ ऊठ, बसताना तीन आकडे मोजत सावकाश बस; धपकन बसलास तर अर्धा फायदा गेला. १० झाले की थांब, दम घे, पुन्हा १०. जड वाटेनासं झालं की खुर्चीऐवजी पाट. गुडघा दुखला तर दामटू नको, दाखवून घे. दात घासताना एका पायावर उभा राहा, तोल असाच घडतो. उन्हाळ्यात सगळं ऊन चढायच्या आत. मे महिन्यातली आपली दुपार व्यायामाची नाही.

खाण्याचं फार सांगत नाही. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण नुसती भाकरी-चटणी पुरत नाही. ज्वारीच्या प्रथिनात जे कमी आहे ते डाळीत असतं, म्हणून ताटात पिठलं, वरण, मटकी काहीतरी हवंच. अंडं चालत असेल तर तेही. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा. त्यात लोणचं, पापड, ठेचा सगळं आलं, आणि खरी पंचाईत तिथंच आहे.

घरातल्या म्हाताऱ्यांकडंही बघ. आजी रात्री चहात भाकरी कुस्करून खाते म्हणालास. ते तिला पचायला हलकं वाटतं, पण अंगी लागत नाही. तिला वाटीभर घट्ट वरण नाहीतर दूध दे. या वयात तहान कळेनाशी होते, तेव्हा तांब्या भरून जवळ ठेव आणि अधूनमधून पाज.

वडिलांनी बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी सोडली, ते मला अजिबात पटलं नाही. गोळीमुळंच ते नॉर्मल आलंय. बंद करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) सणाला येशील तेव्हा त्यांची बीपीची वही आणि जुन्या चिठ्ठ्या पिशवीत टाकून आण. अंबाजोगाईला दाखवायला मी सोबत येतो. माझं ते ऐकतील.

तुझा,
पी.टी.चे सर