तहान लिहिताना

‘त्याला भयंकर तहान लागली होती’ हे वाक्य आधी खोडा. ‘भयंकर’ने वाचणाऱ्याचा घसा कोरडा पडत नाही. तहान पायरीपायरीने चढवा: थुंकी चिकट होते, जीभ टाळूला चिकटते, लघवी गर्द पिवळी आणि थोडीच होते, उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. कडक उन्हात चालणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो; अशा माणसाला पाण्याविना संध्याकाळी ढसाढसा रडवू नका, आसवंही आटतात. नवखे हमखास इथेच फसतात. भीती तर नाव घेऊन लिहूच नका, पात्राच्या कृतीतून दाखवा: बाटलीत चार घोट उरलेत. तो झाकण उघडतो, नुसते ओठ ओले करतो, पुन्हा घट्ट लावतो. उपमा परिच्छेदाला एकच, तीही पात्राच्या धंद्यातली. धाप लागली की वाक्यं तोडा.