छपराचे तीन भाव आणि माळ्यावरचं सागवान

प्रश्न: ठाण्यात नोकरी करतो. हातात पगार ८५,०००, फ्लॅटचा हप्ता २८,०००. आई गुहागरजवळच्या गावी राहते. तिथल्या घराच्या वाशांना वाळवी लागली आहे, कौलं दरवर्षी परतूनही गळतं. लोखंडी सांगाडा करून रंगीत पत्रे घालायचे आहेत. एका ठेकेदाराचा भाव २२५ रुपये चौरस फूट, दुसऱ्याचा ३०० अधिक जीएसटी, गावच्या फॅब्रिकेटरचा सगळं मिळून ४,२०,०००. घर पागोळीसकट १,२०० चौरस फूट, म्हणजे पहिला २,७०,००० लाच पडतो. तो दोन लाख रोख आगाऊ मागतोय, जुनं सामानही स्वतःच उचलून नेतो म्हणतो. घर आजोबांच्या नावावर आहे, काका सहहिस्सेदार. मार्चमध्ये सव्वा लाख बोनस मिळेल. ५ लाखांची एफडी मोडू का?

उत्तर: पहिला ठेकेदार २,७०,००० ला पडत नाही. तुम्ही जमिनीचं माप धरलंत, तो पत्र्याचं धरणार. छपराला ३० अंशांचा उतार असेल तर १,२०० चं १,३८५ होतं. पत्र्यावर पत्रा चढतो तेवढं आणखी धरा, साधारण १,४८५. गुणिले २२५ म्हणजे ३,३४,०००. त्यात कोन्याचा पत्रा, पन्हाळ आणि कौलं उतरवण्याची मजुरी आहे का, हे त्याच्याकडून लिहून घ्या. बहुतेक नसेल.

त्याहून मोठी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत. 'जुनं सामान मी उचलतो' ही मेहेरबानी नाही, ती त्याची कमाई आहे. वाळवी सगळ्याच लाकडाला लागलेली नसते. आजोबांच्या काळातलं आढं आणि भाल (छपराच्या मुख्य तुळया) सागाचे असतील, तर जुन्या लाकडाचा व्यापारी ते मोजून घेतो. धड मंगलोरी कौलांनाही गिऱ्हाईक आहे, हल्ली रिसॉर्टवाले तीच शोधत फिरतात. कोणाला होकार देण्यापूर्वी एका लाकूडवाल्याला घरी बोलवा आणि त्याचा भाव ऐका. मग पहिल्या ठेकेदाराच्या आकड्यात ती रक्कम मिळवा, कारण तीही तुम्ही त्याला देताच आहात.

दुसऱ्याचा भाव उताराच्या मापावर असेल तर ४,१५,५०० आणि १८ टक्के जीएसटी ७४,७९०, एकूण ४,९०,२९०. नोंदणी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर तपासता येतो, तपासाच. नोंदणी नसलेल्याला जीएसटी लावताच येत नाही, म्हणून गावच्या फॅब्रिकेटरचा आकडा कमी दिसतो. दोघांतला ७०,००० चा फरक जवळपास कराचाच आहे. पक्कं बिल आणि लेखी हमी यांसाठी तेवढे मोजायचे का, हा खरा प्रश्न.

माझं मत फॅब्रिकेटरच्या बाजूनं आहे, पण अटींवर. पत्रे तुम्ही स्वतः विक्रेत्याकडून घ्या, बिल तुमच्या नावानं, पैसे बँकेतून. त्याच्याशी करार सांगाडा आणि मजुरीचा करा, आणि पत्र्यांची रक्कम ४,२०,००० मधून वजा करा. बिलावर कंपनी, पत्र्याची जाडी आणि लेपाचं (गंज रोखणाऱ्या थराचं) वजन हवं. जाडी विचारताना 'रंग आणि लेप धरून की नुसत्या पोलादाची?' हे विचारा; ०.५० मिलिमीटर दोन्ही अर्थांनी सांगितली जाते आणि भावातला फरक तिथेच लपतो. अनेक कंपन्यांची हमी समुद्रापासून ठराविक अंतराच्या आत लागू होत नाही. गुहागरात हा तपशील शोभेचा नाही.

फॅब्रिकेटरची पारख त्याच्या फोनमधल्या फोटोंवरून करू नका. तीन-चार पावसाळे काढलेलं त्याचं एखादं छप्पर बघायला जा आणि स्क्रूंच्या डोक्यांकडे पाहा, खाऱ्या वाऱ्यात गंज तिथून सुरू होतो. सांगाडा भिंतीला कशानं बांधणार, हेही विचारा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं श्रीवर्धन, दापोली, मंडणगडात पत्र्यांचं काय केलं ते तुमच्या आईला माहीत असेलच. ज्याला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, त्याला काम देऊ नका.

आता आगाऊ रक्कम. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, दंड घेणाऱ्याला होतो. तुमचा तोटा वेगळा: पुरावा उरत नाही. बँकेतून पैसे दिलेत आणि काम बिघडलं, तर ठाण्यातूनच जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. तरी आयोगापर्यंत जायची वेळ येऊच नये. मजुरीच्या करारात १० टक्के ठरवताना, ३० टक्के लोखंड आवारात आल्यावर, २५ टक्के सांगाडा उभा राहून प्रायमर लागल्यावर, २० टक्के पत्रे चढल्यावर द्या. उरलेले १५ टक्के जुलैअखेर, चार मुसळधार दिवस बघून. या शेवटच्या रकमेवर जो कुरकुरतो त्याची हमी किती टिकेल, ते तिथेच कळतं. पहिल्या ठेकेदारानं दोन लाख रोखीचा हट्ट सोडला नाही, तर त्याचा भाव १५० असला तरी नको.

एफडी मोडू नका. पाच लाख हा तुमचा आणि आईच्या आजारपणाचा आधार आहे. बोनसमधून १,२०,००० आणि चालू गृहकर्जावर ३ लाखांचा टॉप-अप, म्हणजे त्यावरच वाढीव कर्ज, घ्या. ९ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी हप्ता ९,५४० येतो, एकूण व्याज सुमारे ४३,४००. वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी घेतलंत तर तेच ६९,१०० होईल. एफडीवर त्यापेक्षा कमी व्याज मिळत असताना कर्ज का काढायचं, असं कोणी विचारेल. फरकाचे वर्षाला काही हजार जातील, आणि ते हाताशी पैसा असण्याची किंमत म्हणून मला मान्य आहेत. एफडीवर ओव्हरड्राफ्ट काढला तर एफडीच अडकते, म्हणून तो दुसरा पर्याय. दोन्ही हप्ते मिळून ३७,५४० होतात. ताण आहे, पण बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड नसतो, पुढच्या वर्षीचा बोनस तिथे घाला. व्याजावर करसवलत मिळेल असं धरू नका, घर तुमच्या नावावर नाही.

आणि नाव नाही म्हणूनच, विक्रेत्याला पहिला रुपया देण्याआधी काकांकडून साध्या कागदावर लिहून घ्या: छपराचा खर्च तुम्ही करताय, त्यांची हरकत नाही, आणि पुढे वाटणी झाली तर हा खर्च हिशोबात धरला जाईल. जुन्या लाकडाच्या पैशांतही त्यांचा वाटा येतो, ते त्याच कागदावर मिटवा.