वाचनालयाच्या सभागृहाला रॅम्प करायचा आहे, सरकारी पैसे मिळतील का? (खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा)

मिळू शकतात, पण आधी इमारत कुणाच्या नावावर आहे ते बघा. पंचायतीची असेल तर काम सोपं. कर्नाटकात ग्रामपंचायतींनी 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. ग्रामसभेत ठराव घ्या. अर्जात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 45 (जुन्या सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्याबद्दलचं) घाला आणि अर्ज कन्नडमधून द्या, मराठी अर्जाची फाईल का हलत नाही ते आपल्याला ठाऊकच आहे. इमारत संस्थेची असेल तर बहुतेक देणगीदारच गाठावे लागतील.

एस्टिमेट करताना उतार 1:12 धरा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. तीन पायऱ्या म्हणजे साधारण दीड फूट उंची, त्याला 18 फूट रॅम्प लागतो. गवंडी चार फुटांची घसरगुंडी करून मोकळा होतो. स्टेजवर जायची वाटही त्यातच धरा. दिव्यांग माणूस काय नुसता प्रेक्षकच असतो?