‘शेतकरीण’ म्हणजे शेती करणारी की शेतकऱ्याची बायको?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या वसाहतींवरचा एक लेख प्रश्नकर्त्या मराठीत आणत आहेत. त्यात ‘वुमन होमस्टेडर’ (सरकारी जमिनीवर दावा लावून ती कसणारी बाई) हा शब्द वारंवार येतो. त्यांनी त्यासाठी ‘शेतकरीण’ लिहिलं, पण लेख तपासणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, “म्हणजे शेतकऱ्याची बायको ना?” मग काय लिहावं? आणि जाता जाता दुसरा प्रश्न: ‘वायोमिंगने स्त्रियांना मताधिकार दिला’ हे वाक्य बरोबर आहे का?

तपासणाऱ्यांची शंका अगदी रास्त आहे. मराठीतला ‘-ईण’ हा प्रत्यय दोन कामं करतो. पाटलीण, देशमुखीण, मामलेदारीण या त्या-त्या माणसाच्या बायका. पाटलीणबाईंना गावात मान असतो, पण पाटीलकी त्यांची नसते. याउलट मोलकरीण ही ‘मोलकऱ्याची बायको’ नसते, ती स्वतः मोलाने काम करते. कोळीण स्वतः मासळीची पाटी घेऊन बाजारात बसते. मैत्रीण आणि शेजारीण यांना तर नवऱ्याचा संबंधच लागत नाही.

बरेच शब्द शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्यावर मला यात एक धागा दिसतो. मूळ शब्द हुद्द्याचा किंवा वतनाचा असेल, तर ‘-ईण’ लागल्यावर बाई नवऱ्यामुळे ओळखली जाते. मूळ शब्द कष्टाचा असेल, तर ती स्वतःच्या कामाने ओळखली जाते. नियम म्हणावा इतकं हे पक्कं नाही. ‘मालकीण’ हा ठळक अपवाद आहे, ती स्वतःच्या हक्काने मालकीण असू शकते. ‘मास्तरीण’ आणि ‘डॉक्टरीण’ तर दोन्हीकडे जातात. पण ‘शेतकरी’ या शब्दाची अडचण यातून नेमकी कळते. त्यात कष्टही आहेत आणि जमिनीचा हक्कही. पेरणी, खुरपणी, राखण बाईची आणि सातबारावरचं नाव बाप्याचं, ही स्थिती आपल्याकडे इतकी सवयीची की ‘शेतकरीण’ म्हटल्यावर ऐकणारा दोहोंपैकी कोणताही अर्थ घेऊ शकतो.

याच कुळातल्या ‘कुणबीण’ या शब्दाचं काय झालं तेही पाहा. कुणबी म्हणजे जमीन कसणारा. पण पेशवेकाळच्या कागदांत ‘कुणबीण’ हा शब्द बटकीसाठी, विकत घेतलेल्या दासीसाठी येतो. पुरुषाच्या शब्दात जमीन राहिली, बाईच्या शब्दात नुसती राबणूक उरली. मला हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं.

आता अमेरिकेकडे. तिथे हा फरक कायद्यानेच केला होता, म्हणून तुमच्या लेखात तो मोघम ठेवून चालणार नाही. 20 मे 1862 रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि 1 जानेवारी 1863 पासून तो अमलात आला. नाममात्र फी भरून 160 एकरांवर दावा लावायचा, तिथे घर बांधायचं, जमीन कसायची, आणि पाच वर्षांनी साक्षीदार आणून राहणं-कसणं शाबीत करायचं, की जमीन नावावर. (या शेवटच्या पायरीला तिकडे ‘प्रूव्हिंग अप’ म्हणत. ‘वहिवाट शाबीत करणे’ असा आपला शब्द तिथे चपखल बसतो, तो जरूर वापरा.) दावा कोणी लावावा? वय 21 पूर्ण असलेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या व्यक्तीने. ती नागरिक हवी, किंवा नागरिक होण्याचा इरादा तिने नोंदवलेला हवा. पुरुषच हवा, असं कायदा म्हणत नव्हता. म्हणजे अविवाहित मुलगी, विधवा, घटस्फोटिता, नवऱ्याने टाकलेली बाई, या सगळ्या दावा लावू शकत. नवऱ्याबरोबर नांदणारी बाई मात्र लावू शकत नव्हती, कारण कुटुंबप्रमुख तिचा नवरा. ‘कुटुंब’ या शब्दाचा जुन्या मराठीतला अर्थ इथे आठवतोच. ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ म्हणजे बायको माहेरी गेली आहे. जी कुटुंब, ती कुटुंबप्रमुख कशी होणार!

डाकोटा, मोंटाना, वायोमिंग भागांत शिक्षिका, शिवणकाम करणाऱ्या बाया, नर्सा अशा कितीतरी जणींनी दावे लावले. वर्षातले काही महिने शाळेत शिकवायचं, उरलेले महिने दाव्यावरच्या फळ्यांच्या किंवा मातीच्या ढेकळांच्या खोपटात काढायचे, असा अनेकींचा क्रम असे. या बायका ‘शेतकऱ्याच्या बायका’ नव्हत्या. त्यांच्या बाबतीत तो अर्थ निघाला तर मजकूरच चुकतो.

एलिनोर प्रुइट स्टुअर्ट यांचं उदाहरण घ्या. 1909 मध्ये त्या लहान मुलीला घेऊन डेन्व्हरहून वायोमिंगमधल्या बर्न्ट फोर्कला एका रँचमालकाकडे (रँच म्हणजे गुरं पाळायची मोठी जागा) घरकामाला गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी शेजारच्या जमिनीवर स्वतःच्या नावाने दावा लावला. त्यांची पत्रं 1914 मध्ये ‘लेटर्स ऑफ अ वुमन होमस्टेडर’ या नावाने छापली गेली. ‘होमस्टेडर’ हा शब्द व्याकरणाने स्त्री-पुरुष दोघांना चालतो, पण वाचक पुरुषच समजणार म्हणून तिथेही ‘वुमन’ जोडावं लागलं. पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. दावा लावल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी त्या रँचमालकाशी लग्न केलं. नवरा-बायकोला दोन वेगळ्या घरांत राहत असल्याचं दाखवून दोन दावे चालवता येत नसत. 1912 मध्ये एलिनोर यांनी आपला दावा सोडला आणि तो सासूच्या नावाने लागला. म्हणजे एकच बाई आधी एका अर्थाने शेतकरीण होती, नंतर दुसऱ्या अर्थाने. राबणं तेच होतं.

ओरेगॉनचं थोडं वेगळं. तिथला 1850 चा जमीनदानाचा कायदा होमस्टेडच्या आधीचा. सुरुवातीला त्यात जोडप्याला 640 एकर मिळत आणि निम्मी जमीन बायकोच्या स्वतःच्या हक्काची असे. पण ती मिळायची बायको म्हणूनच. जमिनीपायी अगदी कोवळ्या वयाच्या मुलींची लग्नं लागली.

याच ओरेगॉनमधल्या ॲबिगेल स्कॉट डनिवे. 1852 मध्ये इलिनॉयहून बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर निघाल्या. वाटेत आई गेली, धाकटा भाऊ गेला. लग्न होऊन शेतावर आल्या. तिथे लोणी काढणं, रांधणं, मजुरांची उठबस, मुलांची आजारपणं, सगळं त्यांच्या अंगावर. नवरा मित्राच्या कर्जाला जामीन राहिला. मित्राला कर्ज फेडता आलं नाही आणि शेत गेलं. बायकोच्या संमतीची गरज कायद्याला वाटत नव्हती. पुढे नवरा अपघाताने अधू झाला आणि घर डनिवे यांनी चालवलं, आधी शाळा काढून, मग बायकांच्या टोप्यांचं दुकान घालून. 1871 मध्ये पोर्टलंडला त्यांनी ‘द न्यू नॉर्थवेस्ट’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि मताधिकाराचा लढा हाती घेतला. त्यांना ‘शेतकरीण’ म्हणायचं तर कोणत्या अर्थाने? कष्टांच्या अर्थाने पुरेपूर. हक्काच्या अर्थाने त्या काहीच नव्हत्या, आणि त्यांच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या लढ्याचं मूळ मला या शेतात दिसतं.

इथेच तुमचा दुसरा प्रश्न येतो. वायोमिंग टेरिटरीने (तेव्हा ते अजून राज्य झालेलं नव्हतं) 10 डिसेंबर 1869 रोजी स्त्रियांना मताधिकार दिला. इथे ‘दिला’ चालेल, कारण सगळ्या पुरुष सदस्यांच्या विधिमंडळाने तो मंजूर केला आणि त्यामागे ओरेगॉनसारखी दीर्घ चळवळ नव्हती. ओरेगॉनला मात्र ‘दिला’ लिहू नका. तिथे 1884, 1900, 1906, 1908 आणि 1910 अशा पाच वेळा पुरुष मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. 1912 मध्ये सहाव्यांदा तो मंजूर झाला, तेव्हा डनिवे 78 वर्षांच्या होत्या. तिथे ‘मिळवला’ हेच क्रियापद हवं. यूटामध्ये 1870 ला मिळालेला हक्क 1887 मध्ये अमेरिकन काँग्रेसने काढून घेतला आणि 1896 मध्ये राज्य झाल्यावर तो परत मिळाला. तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद वापरलं तर इतिहास सपाट होतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या लेखात नसली तर तळटीप देऊन घाला. ही जमीन रिकामी नव्हती. मिसूरी नदीकाठच्या मूलनिवासी हिदात्सा लोकांत मका, घेवडा, भोपळा, सूर्यफूल पिकवायच्या त्या बायकाच, आणि शेतंही घरातल्या बायकांची असत. बफेलो बर्ड वुमन या हिदात्सा बाईंनी सांगितलेली त्या शेतीची बारीकसारीक माहिती 1917 मध्ये प्रसिद्ध झाली. ‘शेतकरीण’ हा शब्द कुणाला दोन्ही अर्थांनी पूर्ण लागू पडत असेल, तर या बायकांना. आणि 1887 च्या डॉझ कायद्याने मूलनिवासींची सामाईक जमीन वाटताना 160 एकर दिले ते कुटुंबप्रमुखाला. विवाहित बाईला काही नाही. 1891 च्या दुरुस्तीने माणशी 80 एकर झाले, तेव्हा कुठे तिचं नाव आलं. हे वाटप जागेवर जाऊन करणाऱ्यांत ॲलिस फ्लेचर ही विदुषी होती. स्वतंत्र मालकीने या लोकांचं भलं होईल असं तिला मनापासून वाटत होतं. प्रत्यक्षात 1887 मध्ये त्यांच्याकडे असलेली सुमारे 13 कोटी 80 लाख एकर जमीन 1934 पर्यंत सुमारे 4 कोटी 80 लाखांवर आली. सुधारणेचा इतिहास लिहिताना हेही त्याच पानावर यायला हवं.

‘डॉक्टरीण’ वर आलाच आहे, म्हणून सांगतो. नेब्रास्कातल्या ओमाहा जमातीच्या सुझन ला फ्लेश 1889 मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. आपल्या आनंदीबाई जोशी 1886 मध्ये त्याच कॉलेजातून डॉक्टर झाल्या होत्या आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. या दोघींना ‘डॉक्टरीण’ म्हटलं तर ‘डॉक्टरची बायको’ असा अर्थ कुणी काढणार नाही, कारण त्या कोण होत्या हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. तुमच्या लेखातल्या बायका वाचकाला अनोळखी आहेत, म्हणून तिथे शब्दालाच ते सांगावं लागेल.

तेव्हा माझं मत असं. ‘होमस्टेड’ हा शब्द तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडा. ‘इनाम’ किंवा ‘वतन’ वापरू नका, ते राजाने सेवेसाठी दिलेलं असतं. बाईसाठी ‘शेतकरी’ हाच शब्द स्त्रीलिंगी क्रियापदासह वापरा: ‘ती शेतकरी होती’. ‘शेतकरी महिला’पेक्षा ‘महिला शेतकरी’ बरं, कारण पहिल्यात शेतकरी घरातली कुणीही बाई मावते. कायद्याचा मुद्दा असेल तिथे मात्र आडपडदा न ठेवता लिहा. तुमचं वाक्य ‘नेब्रास्कातल्या एका शेतकरणीने पाच वर्षांत जमीन मिळवली’ असं आहे. ते मी असं करीन: ‘नेब्रास्कातल्या एका अविवाहित बाईने स्वतःच्या नावाने 160 एकरांवर दावा लावला, पाच वर्षं तिथे राहून शेती केली, आणि वहिवाट शाबीत करून जमीन आपल्या नावावर करून घेतली.’